शेवटच्या नळाची शेळी

माझ्या चुलतीच्या दारातल्या नळाला सहा वर्षं शेळी बांधलेली होती. नळ चांगला होता. पितळी तोटीचा, सिमेंटच्या खांबात घट्ट बसवलेला. शेळीने कितीही हिसडे दिले तरी जागचा हलायचा नाही. आमच्या पक्षाने गावात जी काही मजबूत कामं केली, त्यांत या नळाचा नंबर बराच वर लागेल. त्यातून फक्त पाणी येत नव्हतं.

नळाच्या उद्घाटनाला माईक माझ्या हातात होता. गावात लग्न असो, कबड्डीचे सामने असोत की दहाव्याची श्रद्धांजली, बोलायला मीच असतो. माईक हातात आला की माझा माझ्यावर ताबा राहत नाही, हे सगळ्या गावाला आधी कळलं आणि मला सगळ्यात शेवटी. त्या दिवशी मी म्हणालो, "माळावरच्या माउल्यांच्या डोक्यावरचा हंडा आज आम्ही कायमचा उतरवला." टाळ्या पडल्या. नारळ फुटला. आमचे पॅनेलप्रमुख, ज्यांना आख्खा गाव नाना म्हणतो, त्यांनी तोटी फिरवली आणि खरोखर पाणी आलं. चुलतीने चिंचेने घासून लख्ख केलेला हंडा भरला, त्याला हळदकुंकू वाहिलं. पहिला पेला मी प्यालो. दहा मिनिटांनी पाणी गेलं ते गेलंच. त्या दहा मिनिटांसाठी खालच्या सगळ्या गावाचे व्हॉल्व्ह बंद ठेवले होते, हे नंतर कळलं. नंतर कळलं असं लिहितोय खरं, पण व्हॉल्व्ह बंद करायला शिपायाबरोबर मीच गेलो होतो.

चुलती माळावरच्या वस्तीत शेवटच्या घरात एकटी राहते. पाण्यासाठी तिला उतारावरून खाली विहिरीवर जावं लागायचं, आणि वाट दोन्ही बाजूंनी उसातून. आमच्याकडे उसात काय बसलेलं असतं ते सांगायला नको. बिबट्याची तिला एवढी धास्ती नव्हती. "त्यो मला बघून वाट सोडतो," म्हणायची. पण गुडघ्यांनी दावा साधला. तिचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, भोसरीला कंपनीत असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने तिला हंडा घेऊन बसत-उठत येताना पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला. "गुडीपाडव्यापोतर पानी आलं तर आलं. न्हाईतर शेळी बेल्ह्याच्या बाजारात इकायची आन् आईनं माझ्याबरं यायचं. तिसऱ्या मजल्यावर का व्हईना, नळाला पानी तरी हाये."

तो गेल्यावर चुलती मला म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर शेळी चढती का रं?"

मी म्हणालो, "काकू, पाडव्याच्या आत पाणी आणतो." या वेळी हातात माईक नसतानाही बोलून बसलो.

आता पक्षांचं सांगतो. गावात दोन पॅनेल. दोन्हींच्या मागे तालुक्याचा एकेक पक्ष. आमच्या घरात कांद्याचं बी आणि पक्ष, दोन्ही वडिलांकडून आलेलं. गेल्या काही वर्षांत वर पुण्या-मुंबईला पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले. माझ्या कपाटात त्यामुळे तीन रंगांची उपरणी जमली. तिन्ही वेळा मी तितक्याच आवेशाने बोललो. माणूस तोच, घसा तोच, उपरणं बदलायचं एवढंच.

आमची सत्ता दहा वर्षं होती. आमच्या लोकांना कारभार येत नव्हता असं मी म्हणणार नाही. नानांना माणूस कळतो. कोणाच्या घरी मयत झाली की सरण रचायच्या आधी नाना हजर. चुलतीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा मंचरला खाट मिळेना, तर नानांनी एका फोनवर खाट मिळवली आणि वर डॉक्टरला सांगितलं, "माझी भैन समजून करा." ते खोटं नव्हतं. पण नळाच्या पाण्याचं तसं नाही. पाण्याला फोन लागत नाही. कोणी ओरडा केला की नाना त्याच्या दारात टँकर उभा करायचे, तो गप्प व्हायचा, मग दुसरा ओरडायचा. खालच्या गावात निम्म्या घरांनी नळाच्या पाइपला मोटारी जोडलेल्या. पाणी सुटलं की त्या ओढायच्या, आणि माळावर नुसती हवा जायची. नानांना हे माहीत होतं. पण एकेक मोटार म्हणजे एकेक घर, आणि एकेक घर म्हणजे चार-पाच मतं. नाना मोटारीला हात लावायचे नाहीत. त्यांतली एक माझीही होती.

माझी तशी लहान. अर्ध्या हॉर्सपॉवरची. दुसऱ्यांच्या मोटारी म्हणजे चोरी, माझी म्हणजे झाडांपुरती सोय, असं मी मनाशी ठरवलं होतं. न्हाणीच्या मागे धुण्याच्या दगडाआड ती बसवली होती, वर घमेलं पालथं. आवाज दबावा म्हणून तिला जुन्या उपरण्यात गुंडाळलं होतं. पहिल्या रंगाच्या.

मग त्याच दिवाळीच्या आधी निवडणूक आली. सरपंचपद बायकांना सुटलं. समोरच्या पॅनेलने पेठेतल्या किराणा दुकानाच्या घरातली सून उभी केली. त्यांचे आजेसासरे राजस्थानातून आलेले, पण आता घरात भांडणंसुद्धा मराठीत होतात. गाव त्यांना भाभी म्हणतं. मी सभा गाजवल्या. "काउंटरवर बसून गाव दिसत नाही," असं माझं वाक्य होतं, आणि ते मला इतकं आवडलं की प्रत्येक सभेत दोनदा म्हणायचो. आम्ही पडलो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाभी स्वतः पेढे घेऊन आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं भाषण मी दुकानातून ऐकायचे. आवाज छान पोचतो."

मला वाटलं होतं, बाई नावाला, कारभार त्यांचे यजमान, दुकानातले शेठ करतील. दोन-चार जण शेठकडे दाखले मागायला गेलेसुद्धा. शेठ साखर तोलता तोलता म्हणाले, "ऑफिसात विचारा. मला साखरेचं विचारा."

मग थंडीच्या सुरुवातीला एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सकाळी सहाला पाणी सुटलं की भाभी शिपायाला घेऊन गावात फिरायला लागल्या. हातात एक स्टीलचा तांब्या, मनगटावर घड्याळ, काखेत दुकानाच्या पिवळ्या कागदांचा गठ्ठा. प्रत्येक नळाखाली तांब्या धरायच्या आणि भरायला किती वेळ लागतो ते लिहायच्या. बस, एवढंच. कोणाला बोलायचं नाही, रागवायचं नाही. आम्ही पारावर बसून हसायचो. मी म्हणायचो, "सरपंच झाल्या पण मापं काढायची सवय काय जाईना." नाना मात्र हसायचे नाहीत. एकदा म्हणाले, "दहा वर्सांत आपन कधी तांब्या धरला व्हता का रं?"

एका सकाळी त्या आमच्या बोळात आल्या. शेजारच्या नळाखाली तांब्या धरला. पाणी धाग्यासारखं. तांब्या काही भरेना. आमच्या भिंतीआडून घरघर चाललेली. मी दारात दात घासत उभा.

"भाऊ, आत कसला आवाज येतोय?"

"मिक्सर."

"सकाळी सहाला?"

"चटणी वाटतात मंडळी. शेंगदाण्याची."

"रोज?"

"रोज. मला लागतेच."

भाभींनी तांब्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं. "मग थोडी आमच्याकडे पाठवा की. बिनलसणाची पाठवा, आमच्यात लसूण चालत नाही."

आमचा मिक्सर दिवाळीपासून बिघडलेला होता. बायकोने पाटा-वरवंटा काढला. दाणे भाजले, वाटले, डबा भरला. मला म्हणाली, "खोटं तुमी बोलायचं आन् दानं मी कुटायचं." दुसऱ्या दिवशी डबा परत आला, त्यात चार फुटाणे घातलेले, आणि निरोप, "चटणी फार छान. पाट्यावरची वाटते." पुढच्या आठवड्यात पुन्हा निरोप आला, "चटणी संपली." बायकोने पुन्हा पाटा काढला. माझ्या एका खोट्यापायी आमच्या घरातले भुईमुगाचे दाणे संक्रांतीपर्यंत संपत आले, तिळाच्या लाडवांत कमी पडले. पण मोटार मी काढली नाही. सहा वर्षांची सवय. पाणी सुटायच्या वेळेला हात आपोआप बटणाकडे जायचा.

इकडे चुलती दर दोन दिवसांनी विचारायची, "आलं का रं?" जसं काही पाणी पोस्टाने येणार होतं.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा जवळ आली. नानांनी मला बोलावलं. "पान्यावर धर. बाई तांब्या घिऊन फिरती, पर माळावर टिपूस न्हाई. कारभार जमत न्हाई म्हनून ठनकावून सांग." मला तर हेच हवं होतं. मी चुलतीला निरोप धाडला, सभेला ये, पुढे बस. सत्ताधाऱ्यांना माणसाचं दुःख समोर दिसलं पाहिजे.

शाळेच्या पटांगणात सभा. झेंडावंदनाची जिलेबी खाऊन लोक निवांत बसलेले. चुलती बायकांत पहिल्या रांगेत, गुडघे लांब करून. माईक हातात आला. मी माळाच्या वस्तीपासून सुरुवात केली, चुलतीच्या हंड्यावर आलो, उसातल्या वाटेवर आलो, आवाज दोनदा भरून आणला. आणि मग, आता हे कसं झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही, मी म्हणालो, "कारभार करायला हिंमत लागते. कोण पाणी ओढतं हे सरपंचांना माहीत नाही का? माहीत असेल तर नावं वाचा. या माईकवर वाचा. मग तो कोणत्या पक्षाचा का असेना."

टाळ्या पडल्या. मला मागून नानांनी सदऱ्याला धरून ओढलं. "बस खाली, येड्या. तुजं पयलं असंल त्यात."

तेव्हा मला माझी मोटार आठवली. खरं सांगतो, तोवर ती डोक्यातच नव्हती. उपरण्यातली मोटार आणि हातातला माईक या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. पुढच्या रांगेत चुलती माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघत होती.

भाभी उठल्या. काखेतला पिवळा कागद काढला. उलगडला. कागद चांगला लांब होता, दुकानातल्या महिन्याच्या यादीसारखा. खालच्या गावातली बरीच मंडळी एकदम जमिनीवरची माती निरखायला लागली, आणि त्यांत दोन्ही पॅनेलची माणसं होती.

"भाऊ बोलले ते खरं आहे," भाभी म्हणाल्या. "माळावर पाणी जात नाही ते टाकीमुळे नाही. टाकी वस्तीपेक्षा वरच आहे. मधल्या मधे जातं. पण नावं वाचली तर भांडणं होतील, पाणी चढणार नाही. सकाळी सहा ते सात गावातले मिक्सर फार चालतात, एवढंच मी बघितलंय." इथे हशा झाला. त्या थांबल्या, हसल्या नाहीत. "तेवढा एक तास गावची लाइट बंद ठेवायची विनंती आपण वीज कार्यालयाला केली, तर कोणाचा मिक्सर चालणार नाही. कोणाचं नाव नको, कोणाची जप्ती नको. चटणी सातनंतर वाटा."

"आन् कागदावं काय लिवलंय?" मागून कोणीतरी विचारलं.

"माझं गणित आहे," भाभी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "विषय भाऊंनी काढला. ठरावाचे सूचक भाऊच होतील. हो ना, भाऊ?"

त्या वेळी मला कोणी पोलीसपाटील हो म्हणालं असतं तरी झालो असतो. मी हो म्हणालो. मध्येच चुलती बसल्या जागेवरून ओरडली, "नुसतं हो म्हनतोय. पानी कवा येनार त्ये लिवून घे त्याच्याकडनं."

"पाडव्याच्या आत," भाभी म्हणाल्या, आणि तसं ठरावात लिहून घेतलं. आता मला कळतं की मी जे तोंडाने दिलं होतं, ते त्यांनी कागदावर घेतलं.

सहीला ऑफिसात गेलो तेव्हा तो पिवळा कागद टेबलावरच होता. मी चोरून वाचला. त्यावर एकही नाव नव्हतं. नळांचे नंबर आणि पुढे तांब्या भरायला लागलेला वेळ. आमच्या बोळातल्या नळापुढे वेळेऐवजी शब्द होता, चटणी. आणखी बऱ्याच नळांपुढे असेच शब्द होते. कूलर, थंडीत. पिठाची गिरणी, घरात. ट्रान्झिस्टर. माझ्यासारखेच सगळ्यांनी काहीबाही सांगितलं होतं आणि त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. त्यांच्याच पॅनेलच्या उपसरपंचांच्या नळापुढेही चटणी होती. सगळ्यात खाली, माळाची वस्ती, शेवटचा नळ. त्याच्यापुढे लिहिलं होतं, शेळी.

मी काउंटरचं ते वाक्य त्या दिवसापासून परत कधी म्हटलं नाही.

वीज कार्यालयात भाभी मला बरोबर घेऊन गेल्या, सूचक म्हणून. आमची पद्धत अशी की नाना वरच्या साहेबाला फोन लावणार, वरचा साहेब खालच्या साहेबाला, आणि काम होणार. एकदाच होणार. भाभींनी फोन लावला नाही. ठरावाची प्रत, अर्ज आणि पोच घेण्यासाठी अर्जाची दुसरी प्रत, असं सगळं दोऱ्याने बांधून नेलं होतं. साहेब चांगला माणूस होता. त्याने विचारलं, "एक तास लाइट नाही म्हणजे दूध संकलनाचं काय? मशिनवर फॅट मोजावं लागतं."

"दूध केंद्र सातला उघडायचं ठरलंय. त्यांची सही मागच्या पानावर आहे."

"आजारी माणसाचं मशिन वगैरे कोणाकडे?"

"दोन घरं आहेत. त्यांच्याकडे पंचायतीचे इन्व्हर्टर नेऊन ठेवलेत. कालच."

साहेबाने तिसरा प्रश्न न विचारता मंजुरी देऊन पोचेवर सही केली. मी शेजारी बसून घाम पुसत होतो. माझ्याकडे या सगळ्यावर फक्त एक भाषण होतं. परत येताना गाडीत मी म्हणालो, "भाभी, एवढं सगळं आधीच कसं सुचतं?" त्या म्हणाल्या, "दुकानात गिऱ्हाईक काय विचारणार ते आधी माहीत नसलं तर दुकान चालत नाही, भाऊ." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

वीज बंद व्हायला लागली आणि पहिल्या दोन दिवसांत गावात असंतोष पसरला. कोणाचा टीव्ही बंद, कोणाचा गिझर बंद. नाना हरखले. "मोर्चा काढू. अंधारात ठिवलं म्हनून. माईक तू धर."

"नाना, ठराव माझा हाये."

"बाईनं तुला लई बेश्ट बांधला," नाना म्हणाले, आणि मोर्चा तिथेच संपला. पुढे मला वाटतं त्यांनाही त्यात बरं वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या परड्यातही काहीतरी खोदकाम चाललेलं मी पाहिलं. त्यांची मोटार मोठी होती, दीड हॉर्सपॉवरची.

माझी मी तोवर काढली नव्हती. लाइटच नाही, तर राहू दे तिथेच, कुठे जातेय. असा विचार करणारा माणूस मी.

भाभींनी मला एक काम दिलं. रोज सहाला माळावर जायचं आणि शेवटच्या नळाखाली तांब्या धरून बसायचं. पाणी आलं की किती वेळात तांब्या भरला ते लिहायचं. "तुमचीच चुलती आहे. तुम्ही लिहिलेलं गाव खरं मानेल." यातली मेख मला माळ चढताना कळली. गावातल्या सगळ्यात बोलघेवड्या विरोधकाला त्यांनी रोज एक तास अशा जागी बसवलं होतं जिथे ऐकायला एक म्हातारी आणि एक शेळी.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी नळात फुसफुस झाली. शेळीने कान टवकारले. चुलतीने हंडा घासून ठेवला होता, उद्घाटनाचाच, तो घेऊन ओट्यावर बसली होती. तिसऱ्या दिवशी हवा इतक्या जोरात आली की शेळी दावं तोडून उसाकडे पळाली. मी तिच्यामागे. उसाच्या कडेला तिला धरून, चपला गमावून परत आलो तर चुलती म्हणाली, "तू गेला आन् गढूळ पानी आलं. तांबडं. पेलाभर."

"खरं?"

"मी खोटं बोलत न्हाई बाबा. त्ये तुमचं खातं."

ते वाक्य मला झोंबलं. तिला काही माहीत नव्हतं, ती सगळ्याच पुढाऱ्यांबद्दल बोलत होती. पण मी तिथेच ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. मोटारीचं, उपरण्याचं, चटणीचं, सभेत काय झालं त्याचं. सहा वर्षं तुझं पाणी मी माझ्या डाळिंबाला घातलं, असं म्हणालो. डाळिंबं तिने खाल्लेली होती, दर वर्षी मीच आणून द्यायचो.

चुलतीने शेळीच्या तुटलेल्या दाव्याला गाठ मारली. मग म्हणाली, "ग्वाड व्हती."

त्या दिवशी खाली आल्या आल्या मी मोटार उपटली.

चौथ्या दिवशी पाणी आलं. आधी तांबडं, मग पांढुरकं, मग नितळ. तांब्या भरायला लागलेला वेळ मी लिहिला, आणि वेळ बराच लागला होता तरी खात्रीसाठी तांब्या पुन्हा एकदा भरला, याची नोंद कुठेच नाही म्हणून इथे करतो. चुलतीने या वेळी हळदकुंकू वाहिलं नाही. "उद्या आलं तर वाहीन," म्हणाली. उद्या आलं. परवाही आलं. तेरवा तिने वाहिलं.

मध्ये बेल्ह्याच्या बाजारात लोणीकडचे आमचे पाहुणे भेटले. चहा घेताना मी भाभींचं कौतुक सुरू केलं आणि शेवटी म्हणालो, "काही म्हणा, कारभार करावा तर त्यांच्याच पक्षाने." पाहुणे म्हणाले, "काय राव, आमच्याकडं तर तुमचाच पक्ष हाये, आन् पानी घड्याळ लावून येतं. सरपंच सोता टाकीवं जातो. उलट तुमच्या भाभीच्या पक्षाची मागची बॉडी आमच्याकडं व्हती, तवा गावानं दोन उन्हाळं टँकरवं काढलं." मी चहा बशीत ओतला आणि विचार करत बसलो. तीन उपरणी बदलून जे मला कळलं नव्हतं ते थोडं थोडं कळत होतं. तरीही सांगतो, आमच्या गावापुरतं बोलायचं तर फरक आहे. आमच्या पॅनेलने माणसाला नाराज करायचं नाही हे ठरवलं होतं. त्यांच्या पॅनेलने शेवटचा नळ ठरवला होता, आणि मग तिथपर्यंत जाताना जेवढी माणसं राखता येतील तेवढी राखली. मलाही राखलं. खरं तर मला उघडं पाडणं किती सोपं होतं.

नानांना हे बोलून दाखवलं. वाटलं चिडतील. ते म्हणाले, "पुढच्या इलेक्शनला आपन काय सांगायचं मंग?" मी म्हणालो, माहीत नाही. नाना म्हणाले, "तिचा त्यो पिवळा कागद बघायला मिळंल का? आपली सत्ता आली तर तांब्या कुठनं धरायचा त्ये तरी कळंल." मी मागितला. भाभींनी लगेच झेरॉक्स काढून दिली.

पाडव्याला चुलतभाऊ आला. छोटा टेंपो घेऊनच आला होता, सामान न्यायला. मी मुद्दाम आधीच जाऊन बसलो होतो. सव्वासहा झाले होते, खाली गावात लाइट गेलेली. भावाने गुढी बघितली, ओट्यावर मांडलेले भरलेले हंडे बघितले, नळाकडे बघितलं. तोटीखाली बादली होती आणि बादली भरून वाहत होती. तो तोटी बंद करायला वाकला. चुलती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पाय धू आधी."

त्याने पाय धुतले. बराच वेळ धुतले. मग टेंपोवाल्याला म्हणाला, "कांदं भरू चार पिशव्या. रिकामं कशाला जायाचं."

"आन् शेळी?" टेंपोवाल्याने विचारलं. त्याला बेल्ह्याच्या बाजाराचं सांगून आणलं होतं.

"तिला कशाला," चुलती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पर नळाला आता बांधता यायची न्हाई. तोटी खराब व्हईल. तुजी ती मोटार कुठं हाय?"

मोटार माझ्या गाडीला मागे बांधलेलीच होती, भंगारात द्यायला आणलेली. मी ती उतरवली, उपरण्यासकट. चुलतीने जागा दाखवली, नळापासून चार हात लांब, लिंबाच्या सावलीत. अर्ध्या हॉर्सपॉवरचं ते धूड जमिनीत जरा पुरलं आणि दावं त्याला बांधलं. शेळीने दोन हिसडे देऊन बघितले. हललं नाही. मग ती उपरण्याचं टोक ओढून चघळायला लागली.

सात वाजले, खाली गावात लाइट आली, आणि माळापर्यंत मिक्सरांचा आवाज ऐकू आला. खरोखरच्या मिक्सरांचा. त्यात आमचाही होता, मी दुरुस्त करून आणला होता.

चुलतीने शेळीकडे बोट केलं. "कुठल्या पक्षाचं हाय रं ते फडकं?"

"रंग उडालाय काकू. आता सांगता येत न्हाई."

"मंग खाऊ दे तिला."